जुनी छोटी पेट्रोल गाडी: गरम झाली की बंद पडते, पावसात मिसिंग मारते. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलण्याआधी काय काय तपासावं?

माहीमकर

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची, १.१ लिटर, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) पेट्रोल, बीएस-३ (प्रदूषण मानक). सीएनजीचं सिक्वेन्शिअल किट नंतर बाहेरून बसवलेलं आहे. डिस्ट्रिब्युटर नाही, दोन कॉइल आणि चार प्लग वायरी आहेत.

त्रास दोन आहेत. दुपारच्या वेळी एसी लावून मुंबईत एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा-पाऊण तास गेला की गाडी चालता चालता एकदम बंद पडते. आधी झटके नाहीत, पिकअप कमी होत नाही, थेट बंद. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही. बॉनेट उघडं ठेवून वीसेक मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. पेट्रोलवर असो नाहीतर सीएनजीवर, त्यात फरक नाही.

दुसरा त्रास पाऊस सुरू झाल्यापासूनचा. सकाळी चालू केल्यावर स्लोवर (रेस न देता) मिसिंग मारते (एखादा सिलिंडर पेट घेत नाही), स्टिअरिंगपर्यंत थरथर येते. इंजिन तापलं की बरीच कमी होते, पण फ्लायओव्हरच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की परत जाणवते. सीएनजीवर जास्त, पेट्रोलवर कमी.

चेक इंजिनचा दिवा येतो-जातो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) दाखवत होतं. सेन्सर नवा घातला, चारही प्लग नवे घातले, तोच कोड परत आला. आता ईसीयू गेलाय असं सांगतात. शेवटच्या पीयूसीत पेट्रोलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ६८० पीपीएम आलं. आरसी रिन्यू करायची आहे, त्यामुळे हे आधी मार्गी लावायचंय.

माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर आहे, वायरिंगचं काम हाताने करता येतं. कोणत्या क्रमाने तपासू आणि आकडे किती यायला हवेत?

वायरमन_कुर्ला

ईसीयूला आत्ता हात लावू नका. ईसीयूच्या बोर्डावरचा सोल्डर सुटला तर तोही गरमीत असा त्रास देऊ शकतो, पण तो यादीत सर्वात खाली. आणि हे दोन त्रास सुरुवातीपासून वेगळे धरा. दोन्हींना एकच कारण शोधत बसलं की माणूस ईसीयूपर्यंत पोचतो, कारण सगळ्या वायरी शेवटी तिथेच जातात.

आधी गरम झाल्यावर बंद पडण्याचं बघू. तुम्ही सांगितलेली सर्वात कामाची गोष्ट म्हणजे पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर सारखंच होतं. सीएनजीवर चालती गाडी बंद पडते म्हणजे पेट्रोल पंप, फिल्टर, पेट्रोलचे इंजेक्टर हे सगळे यादीतून बाहेर. उरतं ते दोन्ही इंधनांना सामाईक: ईसीयूचा सप्लाय आणि अर्थिंग, क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) सिग्नल, कॉइलचा सप्लाय.

पुढच्या वेळी बंद पडली की बॉनेट उघडायच्या आधी बसल्या जागी तीन गोष्टी बघा. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का? लागत नसेल तर ईसीयूलाच करंट नाही. मेन रिले, त्याचा फ्यूज किंवा इग्निशन स्विचचा संपर्क बघायचा. गाडी बंद पडलेली असतानाच चावी ऑनवर ठेवून किंचित हलवा. दिवा मिचमिचला तर स्विचच घासलाय. दिवा लागत असेल तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का बघा. काटा नसेल तर स्कॅनरच्या लाइव्ह डेटात (सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे) आरपीएम बघा, सेल्फवर साधारण २०० ते ३०० दिसायला हवेत. शून्य दिसलं तर ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. मग तो ठिणगीही देणार नाही आणि इंजेक्टरही उघडणार नाही. आरपीएम दिसतात पण स्पार्क टेस्टरवर ठिणगी नाही, तर कॉइल आणि कॉइलचा १२ व्होल्टचा सप्लाय. आरपीएम आणि ठिणगी दोन्ही असतील तरच इंधनाकडे वळा.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय क्रँक सिग्नलवर आहे. सेन्सरला दोन वायरी असतील (जाळीचं शिल्ड धरलं तर तीन) तर तो इंडक्टिव्ह, म्हणजे आत चुंबक आणि तांब्याची गुंडाळी. कपलर काढून ओहममध्ये मोजा. गाडीनुसार काही शे ते हजारच्या आसपास ओहम येतात. थंडमध्ये मोजा, मग हेअर ड्रायरने तापवून मोजा. आकडा थोडा वाढणारच, तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर दहा अंशांना जवळपास ४ टक्के. तापल्यावर मीटर ओपन दाखवायला लागला किंवा आकडा उड्या मारायला लागला तर गुंडाळी तुटलेली आहे, थंड झाली की टोकं परत जुळतात. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा, निदान अर्धा व्होल्ट यायला हवा. कमी आला तर सेन्सर काढून त्याच्या टोकावर लोखंडाचा चुरा चिकटलाय का बघा, आणि दात व सेन्सर यांच्यातलं अंतर वाढलंय का तेही. ते साधारण एक मिलिमीटर असतं.

तीन वायरींचा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) निघाला तर ओहममध्ये काही कळत नाही, मोजूही नका. त्याला सप्लाय, अर्थ आणि सिग्नल असतो. मागून पिन लावून सप्लाय बघा, मग इंजिन हाताने सावकाश फिरवून सिग्नल वर-खाली होतो का बघा.

सेन्सर ठीक निघाला तर तिथे थांबू नका. सेन्सरपासून ईसीयूपर्यंतची वायरही त्याच गरमीत शिजते.

अर्थिंगची तपासणी मात्र सगळ्याच्या आधी करा, दहा मिनिटांचं काम आहे. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ पट्टा खराब. हीच मोजणी ईसीयूच्या अर्थ पिनवर, इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू ठेवून करा, तिथे ०.०५ च्या आसपासच हवं. हे ओहममध्ये मोजून चालत नाही. वायरीच्या वीस तारांतली एक शिल्लक असली तरी ओहम मीटर शून्यच दाखवतो, करंट वाहायला लागला की खरं कळतं. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत अर्थ पट्ट्याच्या लगखाली हिरवा थर बसतो, वरून नट चकचकीत दिसतो. खोलून पॉलिश पेपरने घासा आणि मग घट्ट करा.

बॅटरीचे आकडे: उभी असताना १२.६ च्या आसपास, सेल्फवर ९.६ च्या खाली जाऊ नये, चालू असताना १३.८ ते १४.४.

प्लग_गॅप

पावसाळी मिसिंगबद्दल मी लिहितो.

आधी तो ऑक्सिजन सेन्सरचा कोड. तो सेन्सर पेट्रोल मोजत नाही, सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की त्यातली न जळलेली हवा जशीच्या तशी बाहेर येते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो ०.१ व्होल्टच्या आसपास बसून राहतो, ईसीयू समजतो मिश्रण लीन आहे आणि चारही सिलिंडरना पेट्रोल वाढवतो. सेन्सर खरं तेच सांगत होता. म्हणून नवा घातल्यावरही कोड तोच आला.

पीयूसीची पावतीही हेच सांगते. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल गाडीला मर्यादा सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम. तुम्ही पास झालात, पण ६८० एचसी म्हणजे बरंच पेट्रोल न जळता बाहेर जातंय. सीओ वाढलं असतं तर मिश्रण रिच (इंधन जास्त) म्हटलं असतं. सीओ बेताचं आणि एचसी भरपूर, हे मिसफायरचं लक्षण.

दोन कॉइल, चार वायरी म्हणजे तुमच्याकडे वेस्टेड स्पार्क आहे. एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला. एक सिलिंडर कॉम्प्रेशनवर असताना जोडीदार एक्झॉस्टवर असतो आणि दोन्हीकडे एकदम ठिणगी पडते. करंट एका प्लगमधून ब्लॉकमध्ये आणि ब्लॉकमधून दुसऱ्या प्लगने परत कॉइलकडे येतो. त्यामुळे वायर आतून तुटली की जोडीतले दोन्ही सिलिंडर कुरकुरतात. वायर किंवा बूट (प्लगवर बसणारी रबरी टोपी) बाहेर ब्लॉकवर ठिणगी टाकत असेल तर मुख्यतः तोच एक सिलिंडर मरतो. कोणता सिलिंडर ते शोधलंत की अर्धं निदान झालं.

शोधायचं असं: गाडी पेट्रोलवर, स्लोवर. पेट्रोल इंजेक्टरचा एकेक कपलर काढा आणि लगेच परत लावा. चांगल्या सिलिंडरचा कपलर काढला की इंजिन तत्काळ खाली बसतं. मेलेल्याचा काढला तर काहीच फरक पडत नाही. पहिल्या सेकंदाकडे लक्ष द्या, कारण नंतर आयडल व्हॉल्व हवा वाढवून आरपीएम सावरतो आणि सगळे सिलिंडर सारखेच वाटायला लागतात. चालू गाडीत प्लगची वायर उपटून बघण्याची जुनी सवय इथे नको. वीस-तीस हजार व्होल्टला प्लग मिळाला नाही की ते कॉइलचं इन्सुलेशन किंवा इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) फोडून वाट काढतं, आणि कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो आतून वितळतो.

मग रात्री, उघड्या जागेत (बंद बेसमेंटमध्ये नको, कार्बन मोनॉक्साइड जमतो), बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि झाडांवर मारायच्या फवाऱ्याने प्लग वायरी आणि बुटांवर साध्या पाण्याचा अगदी बारीक शिडकावा करा. गळती असेल तिथे निळी ठिणगी ब्लॉककडे उडी मारताना दिसेल आणि चटचट आवाज येईल. एकदम सगळीकडे पाणी मारू नका, एका वायरीवरून दुसरीकडे जा. हात लांब ठेवा. पेसमेकर असलेल्या माणसाने तर जवळ थांबूच नये.

इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा. काढण्याआधी प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल नळीत) हवा मारा, पाणी-माती आत पडायला नको. प्लगचा पांढरा सिरॅमिक भाग उजेडात फिरवून बघा. टोकापासून खाली षट्कोनापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो कार्बन ट्रॅक. करंट त्याच रेषेवरून बाहेर पळतोय. सिरॅमिक धातूत शिरतो तिथे सगळीकडून सारखा तपकिरी डाग दिसतो, तो वेगळा. तो कोरोनाचा (उच्च व्होल्टेजमुळे सिरॅमिकभोवती होणाऱ्या सूक्ष्म विद्युत विसर्गाचा) डाग, निरुपद्रवी, त्यासाठी प्लग फेकू नका. मुद्दा हा की रेघ प्लगवर असली तर तिची जोडीदार रेघ बुटाच्या आतल्या रबरावरही असते. नुसते प्लग बदलले आणि बूट जुने ठेवले तर जुना बूट नव्या प्लगवर परत रेघ ओढतो. तुमच्याकडे हेच झालेलं असण्याची शक्यता मला सर्वात जास्त वाटते.

वायरीचा रोध टोकापासून टोकापर्यंत मोजा. लांबीनुसार ३ ते १२ किलोओहमच्या दरम्यान येतो. २० च्या वर गेला किंवा वायर वाकवताना आकडा हलला तर बाद. बदलायच्या तर चारही एकदम बदला. बुटाच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस पातळ लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. विहिरीत पाण्याऐवजी ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांचे सील बदला, नाहीतर नवे बूटही लवकर मऊ पडतील.

आणि गॅप. नवे प्लग डब्यातून काढून तसेच लावलेत का? पेट्रोलसाठी १.० ते १.१ मिमी असतो. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ०.७ ते ०.८ ठेवतात. चढावर रेस दिली की सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा आणखी व्होल्टेज लागतं आणि कमकुवत बूट तिथेच फुटतो. तुम्ही सांगितलेली चढावरची, सीएनजीवर जास्त येणारी मिसिंग याच्याशी तंतोतंत जुळते. फीलर गेजने मोजा. इरिडियम प्लग असतील तर मधल्या बारीक टोकाला गेज घासू देऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तेव्हा प्लग आधी हाताने पूर्ण फिरवा, मग १४ मिमी चुडीच्या वॉशरवाल्या प्लगला २५ न्यूटन-मीटर पुरे.

कॉइल मोजायच्या तर प्रायमरी अर्धा ते दीड ओहम, सेकंडरी दोन टोकांमध्ये ७ ते १५ किलोओहमच्या आसपास. आकड्यापेक्षा दोन्ही कॉइल एकसारख्या आहेत का हे महत्त्वाचं. कॉइलच्या कपलरला दोनपेक्षा जास्त पिना असतील तर आत इग्नायटर आहे, प्रायमरी मोजण्यात अर्थ नाही. संशय असेल तर दोन्ही कॉइलची अदलाबदल करा. मिसिंग दुसऱ्या जोडीत गेली तर कॉइल दोषी.

सीएनजी_भांडुप

वरच्या दोघांनी लिहिलंय ते सगळं बरोबर. एक जागा राहिली. बाहेरून बसवलेल्या किटला आरपीएमचा सिग्नल कुठून दिलाय ते शोधा. काही फिटर कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतात, काही सरळ क्रँक सेन्सरची वायर सोलून त्यावर दुसरी वायर पिळतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. ती टेप इंजिनच्या गरमीत गोंद सोडते आणि घसरते. इंजिन बेमधली टेप गुंडाळलेली प्रत्येक गाठ उघडा. तसंच पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून एम्युलेटर (सीएनजीवर पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवून ईसीयूला ते चालू भासवणारा) जोडलेला असतो, त्या जोडांवर ओल जाऊन तांबं हिरवं पडतं.

पेट्रोलची टाकी कायम पाव भरलेली ठेवा. सीएनजीवर चालतानाही बऱ्याच गाड्यांत पंप फिरतच असतो आणि तो पेट्रोलनेच थंड होतो. शिवाय इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने टाकीत पडून राहिलं की ओल धरतं. दर आठवड्याला थोडं पेट्रोलवर चालवा.

थ्रॉटल_बॉडी

स्कॅनरबद्दल थोडं. मुंबईत बीएस-३ एप्रिल २००५ पासून लागू झालं, पण ओबीडीची (गाडीतल्या दोष-निदान व्यवस्थेची) सक्ती आपल्याकडे बीएस-४ बरोबर, २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे २००६ च्या गाडीत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर तिच्याशी बोलेलच असं नाही. अनेक गाड्यांत कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल असतो. मल्टिब्रँड स्कॅनर असलेल्या वायरमनकडून लाइव्ह डेटा काढून घ्या. नुसता कोड वाचून पैसे देऊ नका. बोलता बोलता मिसफायरचा कोड नाही म्हणून मिसफायर नाही असंही समजू नका. त्या काळच्या बऱ्याच ईसीयूंना मिसफायर ओळखण्याची सोयच नव्हती, म्हणून दोष ऑक्सिजन सेन्सरच्या नावावर पडतो.

लाइव्ह डेटात काय बघायचं: इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅप सेन्सरने (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) बाहेरचा हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबई समुद्रसपाटीला आहे, म्हणजे १०० किलोपास्कलच्या जवळ. तिथे ९० दिसलं तर सेन्सर किंवा त्याचा पाच व्होल्टचा सप्लाय संशयास्पद. इंजिन तापून स्लोवर, एसी बंद असताना ३० ते ४० च्या दरम्यान यावं. ५० च्या वर असेल तर व्हॅक्यूम गळती, टॅपेट किंवा टायमिंग बघायचं. मॅपच्या रबरी नळीची टोकं चिरलेली असतात, बोटाने दाबून बघा.

कूलंट सेन्सर तापतो तसा त्याचा रोध कमी होतो. २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास, आपल्याकडच्या ३० अंशांना पावणेदोन-दीड, ८० अंशांना जेमतेम ३०० ओहम. या सेन्सरचे दोन प्रकार चालतात, पण बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत हेच आकडे येतात. रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरवर कूलंट आणि बाहेरच्या हवेचं तापमान सारखं दिसायला हवं, ही सर्वात सोपी परीक्षा. कूलंट उणे ४० दिसलं तर वायर तुटलेली किंवा कपलर सुटलेला.

थ्रॉटल सेन्सर बंद स्थितीत ०.५ ते १ व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर ४ च्या आसपास. पेडल अगदी सावकाश दाबा. मध्येच आकडा कोसळला तर आतली कार्बन पट्टी घासलेली. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्वमधला कार्बन एकदा साफ करून घ्या, पण तुमच्या दोन्ही त्रासांचं मूळ तिथे नाही.

माहीमकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासून आकडे देतोय.

बॅटरी ते ब्लॉक सेल्फवर ०.४१ व्होल्ट होतं. पट्टा काढून दोन्ही टोकं घासली, आता ०.१२ आहे. ईसीयूच्या अर्थवर ०.०३. गाडी गरम होऊन बंद पडली तेव्हा चेक इंजिनचा दिवा लागत होता, पण सेल्फवर आरपीएम शून्य.

क्रँक सेन्सर दोन वायरींचा आहे. थंड ५६० ओहम, ड्रायरने तापवल्यावर ६४०, आकडा स्थिर. सेल्फवर १.१ व्होल्ट एसी. म्हणजे सेन्सर चांगला. मग भांडुपकरांनी सांगितलेली गाठ शोधली. एअर फिल्टरच्या नळीखाली, मॅनिफोल्डच्या बाजूला क्रँकच्या वायरीचं शिल्ड तीनेक इंच सोलून किटची वायर पिळलेली आहे. टेप पातळ होऊन एका बाजूला सरकलीय, तांबं हिरवं आहे आणि शिल्डचे सुटे धागे सिग्नलच्या तारेवर टेकतात. दोन्हीकडचे कपलर काढून ओहममध्ये सिग्नल ते शिल्ड मोजलं: थंडमध्ये ओपन, त्या जागी ड्रायर मारला की काही ओहम.

मिसिंग तिसऱ्या सिलिंडरमध्ये. वायरी ७, ८, ३१ आणि ९ किलोओहम. तिसऱ्या प्लगच्या सिरॅमिकवर काळी रेघ आहे, बुटात टॉर्च मारली तर आतही आहे. चारही प्लगचा गॅप १.१. दोन्ही कॉइल जवळजवळ सारख्या. चावी ऑनवर मॅप ९९, कूलंट ३० अंश. ती क्रँकची गाठ कशी दुरुस्त करायची? आणि किटला मग आरपीएम कुठून द्यायचा?

वायरमन_कुर्ला

आकडे इतके स्वच्छ आहेत की ईसीयूचा विषय इथेच संपला. गरमीत टेप मऊ झाली की शिल्ड सिग्नलला टेकतं, सिग्नल अर्थ होतो, आरपीएम शून्य. थंड झालं की सुटतं.

बॅटरीचा निगेटिव्ह काढून काम करा. पिळलेली वायर पूर्ण काढून टाका. खराब झालेला तुकडा कापून त्याच जाडीची तांब्याची वायर घाला. दोन्ही सिग्नल तारांचे जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, एक जोड दुसऱ्यापेक्षा दोनेक सेंटिमीटर पुढे घ्या. आधी आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी वायरीत ओवा, मग सोल्डर, मग नळी तापवा. त्यावरून शिल्ड परत सलग जोडा. शिल्ड फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थ असतं. सेन्सरच्या टोकाला ब्लॉकवर जोडलंत तर उलट नको तो करंट त्यातून वाहील. दोन सिग्नल तारांची अदलाबदलही होऊ देऊ नका. इंडक्टिव्ह सेन्सर उलटा जोडला तरी आरपीएम दिसतात, पण टायमिंग सरकतं. वर काचेच्या धाग्याची उष्णतारोधक नळी चढवा आणि मॅनिफोल्ड व प्लग वायरी दोन्हींपासून लांब, क्लिपने बांधा. केबल टायचं टोक वायरीवर घासणार नाही असं ठेवा.

जोडल्यावर कपलर लावायच्या आधी तीन मोजण्या: प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत शून्याच्या जवळ, दोन तारांमध्ये ओपन, प्रत्येक तार ते शिल्ड ओपन. हे मोजताना त्याच जागी ड्रायर मारा.

किटला आरपीएम एका कॉइलच्या प्रायमरी निगेटिव्हवरून घ्या. कॉइलमध्येच इग्नायटर असेल तर निगेटिव्ह बाहेर मिळणार नाही, मग ईसीयूकडून कॉइलला येणाऱ्या ट्रिगर वायरीवरून घ्यावा लागेल. दोन्ही सिग्नल वेगळे असतात, त्यामुळे किटच्या सॉफ्टवेअरमध्ये आरपीएमचा स्रोत आणि कॉइलची संख्या बदलायलाच हवी. ते किटवाल्याकडूनच लॅपटॉप लावून करून घ्या आणि समोर उभं राहून किटचा आरपीएम आणि गाडीचा आरपीएम सारखा दिसतोय ना ते बघा. दुप्पट किंवा निम्मा दिसला तर सेटिंग चुकलंय.

प्लग_गॅप

चारही वायरी बुटांसकट नव्या, आणि तिसऱ्याचा प्लग नवा. बाकी तीन प्लगांवर रेघ नसेल तर ठेवा, चारहींचा गॅप ०.८ करा. ०.७ च्या खाली नेऊ नका, स्लोवर मिश्रण नीट पेटत नाही. वायरी क्लिपमध्ये बसवा, एकमेकींवर आणि टॅपेट कव्हरवर लोळू देऊ नका. वायरी घेताना बुटाची लांबी जुन्याशी जुळवून बघा. विहिरीच्या तोंडावरचं झाकण नीट बसलं नाही तर पावसात पाणी परत आत जाईल.

हे झाल्यावर कोड पुसा, बॅटरीचा निगेटिव्ह काढला असेल तर ईसीयूची शिकलेली मूल्यंही बहुतेक गाड्यांत जातात. पहिल्यांदा पेट्रोलवर चालू करा, रेस न देता पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत स्लोवर ठेवा, मग एसी लावून थोडा वेळ. त्यानंतर पेट्रोलवरच रोजचा रस्ता करा आणि मगच सीएनजीवर जा. सीएनजीचं मॅपिंग पेट्रोलच्या इंजेक्शनच्या वेळेवर चालतं, पेट्रोलवर गाडी सरळ नसेल तर सीएनजीवर कधीच सरळ होणार नाही.

मग पीयूसी करा, इंजिन पूर्ण गरम असताना. एचसी दोन-अडीचशेच्या खाली आलं तर काम झालं. अजून चार-पाचशे राहिलं तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघा. सीएनजीवर बरीच वर्षं चाललेल्या गाडीत व्हॉल्व सीटमध्ये आत बसत जातात, टॅपेटचा गॅप कमी होतो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन गरम इंजिनवर मोजायचं: चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कपलर काढलेले, सीएनजीचा हातव्हॉल्व बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे. चारही आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एक सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व.

माहीमकर

गाठ आणि वायरींचं काम या शनिवारी घेतोय. काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर अजून डिकीत आहे. तो भंगारात द्यायचा का?

थ्रॉटल_बॉडी

देऊ नका. त्याच्या हीटरच्या दोन वायरी (चार वायरींच्या सेन्सरमध्ये बहुधा एकाच रंगाच्या) थंडमध्ये ५ ते १५ ओहम दाखवत असतील आणि टोकावर पांढरी किंवा चकाकती भर बसलेली नसेल, तर तो बहुतेक चांगलाच आहे. खात्री हवी असेल तर मिसिंग गेल्यावर तो एकदा लावून पेट्रोलवर, २,५०० आरपीएमला सिग्नल बघा. ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये झपझप वर-खाली होत असेल तर पिशवीत बांधून स्पेअर म्हणून ठेवा. टोकाला सिलिकॉन स्प्रे, डब्ल्यूडी-४० किंवा ग्रीस लागू देऊ नका. परत बसवताना अँटी-सीझ (चुडी जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) फक्त चुडीवर, तेही अगदी थोडं.